मोरव्याचा बोकड आणि माझं रक्ताचं वैर

परळची चाळ सोडली त्या सकाळी टेम्पोत सामान कमी आणि माझा राग जास्त होता. टेम्पोवाला म्हणालाच, "बाई, गाडी एका अंगाला कलतेय." मी बसले होते तेच ते अंग.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा माणसं राहत होतो. एके दिवशी थोरल्या दिरांनी जेवताना जाहीर केलं की खोली आता त्यांना लागणार, आणि भाईंदरला म्हणे जागा फार हवेशीर असतात. मी ताटावरून उठले नाही. भात संपवला, ताक प्यायले, आणि मनातल्या यादीत दिरांचं नाव सगळ्यांत वर चढवलं. माझी अशी यादी आहे, तुम्हाला माहीत आहेच. तुमच्यातले काही जण तिच्यात आहेत.

निघताना आई-बाबा नायगावहून आले होते. आई म्हणाली, "जाशील तिथे तोंड उघडं ठेव. गप्प बाई दिसली की लोक तिच्यावर पाय पुसतात." बाबा टेम्पोच्या फाळक्याला धरून उभे. ते म्हणाले, "मंगल, विसरून जाणं हे मोठ्या माणसांचं काम. आपण मोठे नाही." एवढा एकच उपदेश त्यांनी मला जन्मात केला आणि मी तो अक्षरशः पाळला.

तुम्ही सगळे गॅलरीत उभे होतात. शेजारच्या शालिनीने इतके हुंदके दिले की तळमजल्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. पुढे दोन वर्षांत शालिनी डोंबिवलीला गेली, मागच्या खोलीतले नालासोपाऱ्याला, आणि ज्याला साधं पोस्टात पाठवलं तर वाट चुकायचा तो पम्या न्यू जर्सीला. जे अजून चाळीत आहात आणि जे माझ्यासारखे पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. भाईंदरला जाऊन मंगलने काय दिवे लावले असं विचारता ना? वाचा.

साल सत्त्याऐंशी. भाईंदर पश्चिमेला तेव्हा बिल्डिंगी कमी आणि बिल्डिंगींच्या पाट्या जास्त. स्टेशन सोडून जरा बाहेर आलं की पांढरी मिठागरं. त्यांच्यावरून येणारा वारा इतका खारट, की पहिला महिनाभर मी आमटीत मीठ घातलंच नाही. फोडणी दिली की खिडकी उघडायची, बस.

आमचा टेम्पो बिल्डिंगच्या गेटवर पोचला तेव्हा गेटात एक सफारी सूट उभा होता. सफारीच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी, पेंडुरकर. हातात फायलीएवढं घड्याळ. तुम्हाला वाटेल अतिशयोक्ती, पण ते मनगटावर मावत नव्हतं.

"सामान चढवायची वेळ सात ते बारा आणि चार ते सहा," ते म्हणाले. "आता बारा दहा झालेत."

आमचे हे म्हणाले, "अहो, दहाच मिनिटं..."

"दहा मिनिटांनीच शिस्त मोडते."

टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं. त्याने सामान रस्त्यावर उतरवलं आणि गेला. चार तास आमचा संसार रस्त्यावर. कपाट, स्टोव्ह, सासूबाईंचा फोटो आणि सगळ्यांच्या वर आमची गादी. त्या गादीवर माझ्या दोन मुलांनी लहानपणी जे जे केलं त्याचे सगळे नकाशे होते. शेजारच्या मोरवा गावापासून माणसं ती गादी बघायला आली. एका रिक्षावाल्याने तर पॅसेंजरला सांगितलं, "जरा थांबतो, बघून घ्या."

आणि पेंडुरकर वॉचमनला म्हणाले, पण ऐकू मला यावं अशा बेताने, "मुंबई झाडून काढतायत आणि केर इथे येतोय."

गेटापाशी मोरव्याची जनाबाई मासळी घेऊन बसायची. मी रडेन असं तिला वाटलं असावं. ती म्हणाली, "तोंड पाडू नको गो बाय. ह्यो तरी कंचा हितला? चार म्हैन्यांमागं ह्याचा पन संसार असाच रस्त्यावर परलेला व्हता. तुमी समदी आयलेली मानसा हाव."

चार महिने! गिरगावातून आलेला हा माणूस माझ्याहून चार महिने जुना, तेवढ्या बळावर मला केर म्हणाला. त्याच मिनिटाला थोरले दीर यादीत एक पायरी खाली घसरले. ते बिचारे अजून तिथेच आहेत.

पहिली दोन वर्षं मी फुटकळ सूड घेतले. गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या, तर पेंडुरकरांच्या खिडकीकडे वारा असेल त्याच दिवशी. त्यांच्या शिंका पार खारी गावापर्यंत ऐकू जात आणि तिथले लोक घड्याळ लावत. सभेत उठून मी प्रश्न विचारत असे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, दिवसाला आठ तास बोलायचा सराव. एकदा पाण्याच्या टाकीवर मी इतका वेळ बोलले की तेवढ्यात टाकी भरून वाहिली, आणि ती महिनाभरात भरत नसे. पण पेंडुरकर बधेनात. "बाईंची सूचना नोंदवून घ्या," म्हणायचे आणि काहीच नोंदवायचे नाहीत.

मग एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात देव पावला. नगरपालिकेचं घरपट्टीचं बिल चुकून आमच्या पेटीत पडलं. पेंडुरकरांच्या फ्लॅटचं बिल, आणि त्यावर नाव सौ. सुलभा पेंडुरकर. एकटीचं. म्हणजे फ्लॅट बायकोचा. म्हणजे सोसायटीची सभासद ती. म्हणजे हा गडी सभासदच नाही, आणि जो सभासद नाही तो सेक्रेटरी होऊच शकत नाही! आम्हाला दोन वर्षं शिस्त शिकवणारा माणूस कायद्याने वॉचमनहूनही बाहेरचा. ते बिल परत करायला हवं होतं, मान्य. मी ते रव्याच्या डब्यात ठेवलं. वार्षिक सभेत, सगळ्या बिल्डिंगीसमोर, ते वाचून दाखवायचं होतं. घरात कोणी नसलं की मी आरशासमोर वाचनाची तालीम करत असे.

त्याच सुमाराला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काबूलची माणसं राहायला आली.

फ्लॅटचा मालक मस्कतला. त्याच्या ओळखीने ती आली. नसीरभाई, त्यांची बायको शकीला आणि दहा वर्षांची मुलगी झर्मिना. नसीरभाई काबूलला शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांची शाळा एका सकाळी नकाशावरून पुसली गेली, असं ते म्हणत; याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. चार बॅगा, एक गालिचा आणि निर्वासित असल्याचा दिल्लीतून मिळालेला एक कागद. त्या कागदाला घडीवर इतके चिकटपट्ट्यांचे तुकडे लावले होते की कागद आत असेल यावर विश्वास ठेवावा लागे. इथे त्यांना स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम मिळालं. भूगोलाचा मास्तर संध्याकाळी हाताला काळं लागलेलं घासत जिना चढायचा.

ते आले त्या दिवशी पेंडुरकर जिन्यात म्हणाले, "आता परदेशातूनही यायला लागले." मी मागेच होते. मला गादी आठवली.

खरं सांगते. पेंडुरकरांनी त्यांच्या गळ्यात हार घातला असता तर मी त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्यांनी नाक मुरडलं आणि मला त्या माणसांचा पुळका आला. माझी माया अशीच सुरू होते.

मी कामाला लागले. पाणी दोन तास येतं, तेवढ्यात बादल्या, पातेली, कुकर, फुलदाणी, सगळं भरायचं हे शिकवलं. मंडईत भाव ऐकला की आपल्या खानदानाला शिवी दिल्यासारखा चेहरा करायचा, हे शकीलाला आरशासमोर शिकवलं. तिला जमेना. भाजीवाला भाव सांगे आणि ती उलट त्याच्या तब्येतीची चौकशी करी. तिच्या घरची आणखी एक रीत होती. आलेल्या माणसाने एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की ती वस्तू त्याला देऊन टाकायची. हे बिल्डिंगीतल्या बायकांना आठवड्यात कळलं, आणि कौतुक करायला रांग लागली. सहा पेले, एक सुरई आणि डोक्याचा रुमाल गेला. गालिच्याचं कौतुक करायला दुसऱ्या मजल्यावरची बाई नवऱ्याला घेऊन आली, उचलायला माणूस हवा म्हणून! मी दारोदार फिरून एकेक वस्तू परत आणली. वर त्यांच्या घरातला एकेक चमचाही आणला, दंड म्हणून.

शकीला मला "मंगलजान" म्हणायची. मग सगळी बिल्डिंग म्हणायला लागली, आमचे हे सोडून. झर्मिना मला "खाला", म्हणजे मावशी, म्हणायची. महिनाभरात ती पोरगी हिंदी, मराठी आणि जनाबाईची बोली अशी मिसळून बोलू लागली की तिचं तिलाच समजायचं. "खाला, आज पानी न्हाय आया, मैं किती वाट बघू?"

एक दिवस चहा पिताना नसीरभाईंनी विचारलं, "बहनजी, आपके और पेंडुरकरसाहब के बीच क्या हुआ है?"

आता, खरं काय ते सांगायला काय हरकत होती? दहा मिनिटं उशीर झाला आणि गादी उन्हात पडली. पण हा माणूस काबूलहून आलेला, त्याने काय काय पाहिलेलं. त्याला गादी सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "खून का बैर है, भाईसाब. तीन पीढ़ी का."

त्यांनी कप खाली ठेवला.

मग काय, माझी गाडी सुटली. कोकणात दोन गावांच्या हद्दीवर फणसाचं झाड. फणस आमचा की त्यांचा. पेंडुरकरांचे आजोबा कोयता घेऊन एकटे सात जणांवर धावले. शत्रू लहान ठेवून आपला मोठेपणा दिसत नाही, म्हणून आजोबांना मी सव्वासहा फूट केलं. त्यांनी आमच्या काकांचा कान उडवला. मग आम्ही काय गप्प बसणार?

"कितने मरे?" नसीरभाईंनी हळू आवाजात विचारलं.

मी मनात हिशेब केला. "अडीच."

"ढाई?"

"दो उनके. आधा हमारा. वो कानवाला."

त्यांनी कप दूर सारला. मला वाटलं माझ्या सांगण्याची छाप पडली. पडली होतीच.

जूनच्या तोंडाशी झर्मिनाच्या शाळेचा प्रश्न आला. जवळच्या शाळेने हो म्हटलं, पण कुटुंब इथे राहतं असं सोसायटीचं पत्र शुक्रवारपर्यंत आणा म्हणाले, नाहीतर जागा दुसऱ्याला. दोन वर्षं त्या मुलीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिने एक वही आधीच आणून तिला खाकी कव्हर घातलं होतं, आणि ती वही उशाला घेऊन झोपायची.

पेंडुरकर म्हणाले, "भाडेकरूला पत्र देत नाही. त्यातून परदेशी. उद्या काही झालं तर सही माझी."

आता इथे माझं पाप ऐका. रव्याच्या डब्यातलं बिल घेऊन मी त्याच क्षणी त्यांच्या दारात गेले असते, "पत्र द्या नाहीतर" एवढंच म्हटलं असतं, तर पाच मिनिटांत पत्र मिळालं असतं. पण मग सभेची मजा गेली असती. सभा रविवारी. सगळी बिल्डिंग असणार. दोन वर्षं जपलेला सूड जिन्यात एकटीने गिळून टाकायचा? मी नसीरभाईंना म्हटलं, "रविवार तक रुको. फिर देखो."

"लेकिन शुक्रवार, बहनजी?"

"शाळावाले थांबतात हो," मी म्हटलं. मला शाळावाल्यांचं ओ की ठो माहीत नव्हतं.

झर्मिना दारात वही घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की मी तिची नजर टाळून तिच्या फ्रॉकचं कौतुक केलं, आणि मग घाईघाईने म्हटलं, "नको नको, काढू नकोस."

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास जिन्यात बोकड ओरडला.

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, जिना अरुंद. दार उघडून बघते तर पुढे नसीरभाई, अंगावर इस्त्रीचा काळा कोट, डोक्यावर त्यांची टोपी. हातात दोरी, दोरीला बोकड. मागे शकीला, तिच्या मागे झर्मिना. आणि सगळ्यांच्या मागे जनाबाई, "मोरव्यातला हाय, लाथ मारतो, बाजू व्हा" असं प्रत्येक मजल्याला सांगत. बोकड वासराएवढा होता. वाटेत त्याने नोटीस बोर्डावरची पेंडुरकरांची "जिन्यात कचरा टाकू नये" ही नोटीस टाचण्यांसकट खाल्ली.

वरात आमच्या खालच्या मजल्यावर पेंडुरकरांच्या दारात थांबली. घंटी वाजली. पेंडुरकर टॉवेल आणि बनियनवर बाहेर आले. या घरात अंडंसुद्धा चालत नसे, आणि दारात बोकड!

"ये क्या है?"

नसीरभाई उंबऱ्याबाहेर खाली बसले. भूगोलाचे मास्तर, वय पन्नास, गुडघ्यांवर. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पेंडुरकरांच्या पायांशी ठेवली आणि स्वच्छ, सावकाश हिंदीत बोलायला लागले. त्यांच्याकडची रीत अशी होती. दोन घराण्यांत रक्त सांडलं असेल, तर ज्यांनी जास्त मारले त्यांनी शत्रूच्या दारात जनावर घेऊन जायचं, माफी मागायची, आणि माफी मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. "मंगलबहन के साये में हम रहते हैं. उनकी दुश्मनी हमारी दुश्मनी है. इसीलिए आपने हमें ख़त नहीं दिया, आपका हक़ था. लेकिन अब ये ख़ून यहीं ख़त्म कीजिए. उनके ख़ानदान ने आपके दो आदमी मारे. मैं उनकी तरफ़ से माफ़ी माँगता हूँ."

जिन्यावर सगळी बिल्डिंग. मी कठड्याला धरून उभी. आयुष्यात पहिल्यांदा आईचा उपदेश मला पाळता आला नाही.

"माझे... दोन?" पेंडुरकर म्हणाले.

"आपके दादा अकेले लड़े थे. कोयता लेकर. सात आदमियों से."

पेंडुरकरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "साळसकरबाई, हे तुम्ही सांगितलंत?"

संपलं, असं वाटलं. एक "नाही" किंवा एक "खोटं आहे" एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. गादीच्या वर माझी सगळी अब्रू पुन्हा रस्त्यावर आली असती, आणि समोर बसलेल्या त्या माणसाचं काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. पेंडुरकरांचे आजोबा, हे मला नंतर त्यांच्या बायकोकडून कळलं, गिरगावात एका खानावळीत पोळ्या लाटायचे. उंची पाच फूट.

पेंडुरकरांनी एक हात टॉवेलच्या गाठीवर ठेवला. छाती हळूहळू पुढे आली. बनियनमधला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर सव्वासहा फूट झाला.

"सात नहीं थे," ते म्हणाले. "नौ थे."

जिन्यात कोणी श्वास घेतला नाही, बोकड सोडून.

"माफ किया," पेंडुरकर म्हणाले. त्यांनी टोपी उचलून नसीरभाईंच्या डोक्यावर ठेवली, पाणी मागवलं, आणि टॉवेलवरच टाइपरायटरला बसले. दहा मिनिटांत पत्र. सही, शिक्का, "सेक्रेटरी". दहाच मिनिटांत! बोकड जनाबाईने परत मोरव्याला नेला, आणि तो पुढे कित्येक वर्षं "पेंडुरकरांचा बोकड" म्हणून जगला. शेवटी शेवटी म्हणे त्याच्यावर मुलं बसून शाळेत जायची.

मी घरात येऊन भांडी आपटली. हा माणूस माझ्या तोंडून तीन पिढ्यांचं शौर्य फुकट घेऊन गेला, वर दोन माणसं स्वतः वाढवली, आणि माफी मागणाऱ्यांत कोण, तर मी! माझ्याच फुशारकीने. दोन कमी मारले असते तर त्यांना यावं लागलं असतं माझ्या दारात.

रविवारी सभेला मी बिल पर्समध्ये घेऊन गेले. माफी नसीरभाईंनी मागितली होती, मी नव्हती मागितली. उठायच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या शकीलाने सांगितलं की झर्मिनाला शाळेने पत्र घेऊन नाव लिहून घेतलं, आणि हेच पत्र दरवर्षी परदेशी माणसांच्या नोंदणीच्या कचेरीतही लागणार. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस सेक्रेटरी नाही असं मी आता सिद्ध केलं, तर सही खोटी. सही खोटी तर पत्र खोटं. पत्र खोटं तर मुलगी पुन्हा घरी आणि ही तिघं पुन्हा रस्त्यावर.

"नवीन सेक्रेटरीसाठी नाव सुचवा," कोणीतरी म्हणालं.

मी उठले. दात इतके आवळले होते की एक दाढ त्याच दिवशी हलायला लागली, ती पुढे काढावी लागली. "श्री. पेंडुरकर," मी म्हटलं.

आठ वर्षं. दरवर्षी मी उठायचे आणि माझ्या हाडवैऱ्याचं नाव सुचवायचे. एका वर्षी दुसरा कोणी उभा राहायला निघाला, तर मी घरोघर जाऊन पेंडुरकरांचा प्रचार केला. "शिस्तीचा माणूस," म्हणाले मी. जिभेला फोड आला.

ब्याण्णवच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत शहर पेटलं तेव्हाचंही सांगायला हवं. समोरच्या दारावर नसीरभाईंच्या नावाची पाटी होती. एका दुपारी हातोड्याचा आवाज आला. बघते तर पेंडुरकर स्टुलावर उभे. त्यांनी ती पाटी उतरवली आणि स्वतःच्या दाराची पितळी पाटी काढून तिथे ठोकली. "पेंडुरकर." मग गेटात खुर्ची टाकून सात दिवस बसले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅटही माझाच." मी त्यांना चहा नेऊन दिला, बिनसाखरेचा. यासाठी मी त्यांना कधीही माफ करणार नाही. कारण हे मला सुचायला हवं होतं. मी समोर राहत होते.

सत्त्याण्णवला नसीरभाईंचा कॅनडाचा कागद झाला. झर्मिना बारावी पास झाली होती. शकीलाने जाताना मला गालिचा दिला. मी आठ वर्षांत त्याचं एकदाही कौतुक केलं नव्हतं, जिभेवर आलं तरी. नसीरभाई पेंडुरकरांच्या गळ्यात पडले. टॅक्सी वळली, आणि मी आमच्या ह्यांना म्हटलं, "सभा कधी आहे?"

तीन आठवड्यांनी सभेत मी ते बिल वाचून दाखवलं. आवाज चढवून, नाव दोनदा. लोक सांगतात सूड घेतल्यावर हाती काही लागत नाही, मन रिकामं होतं वगैरे. साफ खोटं. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. पेंडुरकर शांतपणे उठले, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "एकोणनव्वदचं बिल आलं नाही तेव्हाच मला समजलं कोणाकडे गेलंय ते. बाईंनी आठ वर्षं लावली. शिस्तीचा माणूस म्हणून सांगतो, दहा मिनिटं उशीरही चालत नाही." आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

मला सेक्रेटरी केलं. तेव्हापासून प्रत्येक सभेत ते पहिल्या रांगेतून प्रश्न विचारतात. एकदा पंपाच्या दुरुस्तीवर इतके बोलले की तेवढ्यात पंप आपोआप दुरुस्त झाला. मी म्हणते, "सूचना नोंदवून घ्या," आणि काही नोंदवत नाही.

झर्मिनाचं पत्र आलं मागच्या महिन्यात. तिकडे टोरांटोला त्यांच्या बिल्डिंगीत सगळे फार सभ्य आहेत. लिफ्टमध्ये हसतात, दार आपल्यासाठी धरून ठेवतात, आणि मग आपलं दार लावून घेतात. कोणी भांडत नाही. "खाला," तिने लिहिलंय, "दोन वर्षं झाली, पण अजून एअरपोर्टवरच बसल्यासारखं वाटतं. इथे आमच्यावर चिडायलासुद्धा कोणी नाही." मी तिला आठ पानी उत्तर लिहिलं. सेक्रेटरी कोण ते आधी शोध, मग त्याच्या खिडकीची दिशा बघ, आणि वारा कुठून येतो तेही. मिरच्या पार्सलने पाठवते आहे.

तुम्ही विचारता, परत चाळीत यावंसं वाटतं का. थोरल्या दिरांनी खोली परत देऊ केली तरी मी येणार नाही. तिथे माझ्यावर सगळे जीव टाकत होते आणि मला खोली नव्हती. इथे एका माणसाला दिवसातून चार वेळा माझा संताप येतो, आणि तो आजारी पडला की मला जेवण जात नाही. यालाच घर म्हणत असावेत. तुमच्याकडे याहून बरं नाव असेल तर कळवा.

कारण आता एक पंचाईत झाली आहे. पेंडुरकरांच्या मुलाने पुण्याला मोठा ब्लॉक घेतलाय. इथला विकून म्हाताऱ्यांनी तिकडे यावं म्हणतो. फ्लॅट विकायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. म्हणजे माझी सही. सुलभावहिनींच्या नावाचा अर्ज घेऊन पेंडुरकर पहिल्यांदा आले तेव्हा मी तो परत केला, तारीख नव्हती. दुसऱ्यांदा समास कमी होता. तिसऱ्यांदा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काल चौथ्यांदा आले. सफारी सूट घालून. अर्ज टाइप केलेला, तारीख, समास, सगळं जिथल्या तिथे. मी वरून खाली वाचला, खालून वर वाचला. पेन हातात घेतलं. आणि तेव्हा दिसलं की फ्लॅट नंबर चुकलाय. बारा वर्षं ज्या दारात राहिले त्या दाराचा नंबर, हा शिस्तीचा माणूस चुकीचा टाइप करून घेऊन आला होता.

मी वर बघितलं. पेंडुरकर खिडकीबाहेर मिठागरांकडे बघत होते.

"चूक आहे," मी म्हटलं. "असा अर्ज चालणार नाही."

"बाई, तुम्ही फार आडमुठ्या आहात," ते म्हणाले, अर्जाची नीट घडी घातली आणि घाईने जिना उतरून घरी गेले.